चपटी पुन्हा रस्त्यावर: जुनी पिकअप रोज चालवण्याजोगी करायची तर

आमच्या घरची पिकअप महिंद्राची एफसी. इंजिनाच्या डोक्यावर केबिन, पुढं बोनेटचा पत्ता नाही, सरळ भिंत. म्हणून घरात सगळे तिला ‘चपटी’ म्हणायचे. वडिलांनी तिच्या हौद्यातून आल्याची पोती कोरेगावच्या बाजूनं साताऱ्यात ओढली. ते गेले आणि गाडी गोठ्याशेजारच्या चिंचेखाली अकरा पावसाळे उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. आता तीच गाडी मी आठवड्यातले चार दिवस चालवतो. यवतेश्वरचा घाट चढून कासला जातो, भर पावसात, एसी लावून, आणि उतरल्यावर पाठ धरलेली नसते.

हे बघून ओळखीतल्या तिघांनी आपापल्या गोठ्यातली धुडं बाहेर ओढलीत. रोज संध्याकाळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो. मी मेकॅनिक नव्हे. यातलं निम्मं मी चुकून शिकलोय आणि त्या चुकांचे पैसे माझ्याच खिशातून गेलेत.

आधी कागद

मिस्त्रींना पहिल्यांदा घरी बोलावलं तेव्हा वाटलं, ते इंजिन बघतील. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, फाळका वर-खाली करून बघितला आणि विचारलं, “सर, गाडी कुणाच्या नावावर हाय?”

“अण्णांच्या.”

“मग पान्याला हात लावू नका. आधी आरटीओत जाऊन या.”

तेव्हा राग आला होता, पण माणूस बरोबर होता. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो. विकत घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८. चाळीस वर्षांपूर्वीच्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच पडलेला असतो, तो उतरवायला बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पिकअप बहुतेक वेळा मालवाहू म्हणून पास झालेली असते आणि आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. तुमच्या आरसीवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. वर्षानुवर्षं घरात असलेला तो कागद मीही कधी नीट वाचला नव्हता.

चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला आकडा, शोधा. तारेच्या ब्रशनं हळू घासा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी फिरवा. आकडे कागदावर उमटतात. आरटीओतही असाच ठसा मागतात. तो आरसीशी ताडून बघा. मग त्या जागेवर ग्रीस लावून टेप मारा आणि गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला बोट ठेवून दाखवा. माझ्या गाडीच्या चेसिसवर वेल्डिंग करणाऱ्या एका पोरानं गंज काढायच्या नादात ग्राइंडर त्या आकड्यांच्या दोन बोटं अलीकडे थांबवला. मी तिथंच चहा पीत उभा होतो म्हणून थांबला. आकडा खरवडला गेला असता तर ती गाडी कायद्यानं संशयित आणि व्यवहारात भंगार.

जुनी ठेवायची की चालवायची?

हा प्रश्न पैसे खर्च करायच्या आधीच सोडवा, नंतर त्याला उत्तर उरत नाही. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, धंद्यासाठी न वापरलेली, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या खास नंबरखाली नोंदवता येते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणायची. रोज दूध घालायला न्यायची नाही.

म्हणजे एक तर अस्सल ठेवा आणि जपून ठेवा, नाही तर साधी नोंदणी चालू ठेवून चालवा. अमेरिकेत दुसऱ्या वाटेला रेस्टोमॉड म्हणतात. रूप जुनं, आतली यंत्रणा नवी. तिकडं १९४७ ते १९५५ च्या शेवर्ले पिकअप आणि १९४८ पासूनच्या फोर्ड एफ मालिकेवर हा प्रकार फार चालतो आणि पोरं त्यात सर्रास मोठं व्ही-८ इंजिन बसवतात. ते व्हिडिओ बघून इथं इंजिन बदलायला जाऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. इंजिन, इंधन, बॉडीचा प्रकार, अगदी रंगसुद्धा नोंदीतली गोष्ट आहे. यातलं काहीही बदलायचं तर अर्ज आधी, काम नंतर. एजंट सांगतो ‘होऊन जाईल’. त्याचं होतं, आपलं राहतं. मी अण्णांचंच इंजिन ठेवलं, रंगही तोच खाकी-हिरवा, आणि सगळं नवेपण ब्रेक, स्टेअरिंग, वायरिंग आणि केबिनमध्ये घातलं.

पत्रा टोचून बघा

लोक आधी इंजिन चालू करून बघतात. इंजिन उतरवता येतं, लेथवर नेता येतं, बोअरिंग करता येतं. सडलेला पत्रा मात्र माणसं आणि महिने खातो. माझ्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा डेंटरचा होता, इंजिनचा नव्हे.

फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथं ते पकडत नाही तिथं खाली जाड लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन केबिनचा तळ, पायऱ्या, छताची पन्हळ, केबिन चेसिसवर बसते ते कोपरे आणि हौद्याच्या फळ्यांखालचे आडवे बीम टोचा. आत गेला तर तो भाग कापून नवा घालायचा. गंजावर लांबी लावून रंग मारणाऱ्यांना दोन पावसाळ्यांनी काय मिळतं ते साताऱ्यात वेगळं सांगायला नको. चेसिस मात्र सरळ हवी. चाकांमधलं तिरपं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक मोठा असेल तर गाडी पूर्वी कुठंतरी आदळलेली आहे आणि तुमच्या पैशाला तिथं तळ नाही.

खोलताना फोटो काढा. मी आठशेच्या वर काढले, तरी कमी पडले. बोल्ट काढले की लगेच पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर ‘डावीकडचा खालचा’ असं साध्या भाषेत. पहिल्या आठवड्यात मी सगळे बोल्ट एकाच डालड्याच्या डब्यात टाकले आणि पुढं तो डबा निवडत एक अख्खा रविवार गेला.

खाली काम करताना एफसीसारख्या जीपच्या घराण्यातल्या गाडीची एक खोड लक्षात ठेवा. हँडब्रेक बऱ्याचदा मागच्या चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीमागच्या) शाफ्टवर असतो. त्यामुळं मागचं एकच चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळं (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळं) ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. चाकांना दोन्हीकडून दगड, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही.

ब्रेक

माझी मोठी चूक इथली. इंजिन फिरायला लागल्यावर मला धीर निघेना. मी गाडी यवतेश्वरला नेली. उतरताना तिसऱ्या वळणाआधी पेडल दाबलं ते थेट पत्र्याला टेकलं. एका चाकाच्या सिलिंडरचं रबर फाटलं होतं. पहिला गिअर सिंक्रो नसलेला, म्हणजे चालत्या गाडीत सहज न पडणारा; पडेचना. दुसऱ्यात कसाबसा टाकून, हँडब्रेक ओढत, गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. बाजूला बायको बसलेली होती. ती काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

एका सिलिंडरनं सगळे ब्रेक का गेले? जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारा) एकच कप्प्याचा असतो आणि चारही चाकांचं तेल एकाच नळीतून जातं. एक गळती म्हणजे चारही चाकं गेली. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवला की पुढचे आणि मागचे ब्रेक वेगळे होतात, एक गेला तर दुसरा उरतो. पिकअपवर एकच सुधारणा करण्याएवढे पैसे असतील तर हीच करा.

त्यानंतर पुढं डिस्क. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून दूर जातो, म्हणून लांब उतारावर पेडल मऊ पडत जातं. डिस्क उघडी असते, लवकर गार होते, पाण्यातून गेल्यावर लवकर सुकते. जीपच्या घराण्यात पाच बोल्टांच्या चाकाचं वर्तुळ साडेपाच इंचांचं आहे, त्यामुळं सामान जुळवणं फार अवघड जात नाही, तरी आणायच्या आधी हब, बेअरिंग आणि रिमच्या आतली जागा मोजा. कॅलिपर रिमला घासतो हे घरी आल्यावर कळण्यात मजा नाही. डिस्कला पायाचा जोर जास्त लागतो, म्हणून व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे हवेच्या ओढीनं पायाला मदत करणारा डबा. पेट्रोल इंजिनात ती ओढ हवा आत घेणाऱ्या नळीतून, म्हणजे मॅनिफोल्डमधून मिळते. डिझेल असेल तर वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, पुष्कळदा तो अल्टरनेटरच्या (बॅटरी भरणाऱ्या यंत्राच्या) पाठीला जोडलेला मिळतो. मागच्या ब्रेकला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घाला. रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते, एफसीची तर फारच. पुढं इंजिन आणि माणसं, मागं रिकामा हौदा. जोरात दाबलं की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी शेपूट फिरवते. रबरी पाइप सगळे नवे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, दर दोन वर्षांनी बदला.

आणि ब्रेक नवे झाले म्हणून खंबाटकी न्यूट्रलमध्ये उतरायची नसते. ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा.

स्टेअरिंग आणि पाटे

सगळे पॉवर स्टेअरिंगच्या मागं लागतात. आधी इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग डावी-उजवी हलवा आणि दुसऱ्याला खाली वाकून बघायला सांगा. किंगपिन, टायरॉडची टोकं (चाकं वळवणारे सांधे), स्टेअरिंग बॉक्स चेसिसला धरून ठेवणारे बोल्ट, यातलं जे आधी हलतं ते आधी बदला. झिजलेल्या सांध्यांवर पॉवर स्टेअरिंग लावलं तर ती भटकणारी गाडीच राहते, फक्त एका बोटानं भटकते. बॉक्सखालच्या चेसिसला बारीक तडा असतो का तो टॉर्च धरून बघा. माझ्याकडं होता.

मग टायर. जुने ६.०० बाय १६ चे नायलॉन टायर दिसायला झकास, पण रस्त्यावरच्या प्रत्येक चराबरोबर ओढ घेतात आणि रात्रभर उभे राहिले की सकाळी पहिले दोन किलोमीटर धडधडतात. त्याच मापाच्या जवळचे रेडियल बसवले आणि अलाइनमेंट केली तेव्हा माझी पॉवर स्टेअरिंगची निम्मी हौस फिटली. उरलेल्या निम्मीसाठी कॉलमवर इलेक्ट्रिक मोटर बसवली. हायड्रॉलिक पंपापेक्षा जागा कमी लागते आणि इंजिनवर पट्टा वाढत नाही.

पाट्यांबद्दल थोडक्यात. पाट्यांचा जुडगा सोडवा, गंज काढा, मध्ये ग्रेफाइट ग्रीस, बुश आणि शॅकल पिन नव्या, शॉकअप नवे. आमच्या पाट्यांचं कडकपण म्हणजे निम्मा गंजच होता. मागचा एखादा पाटा काढला तर रिकामी गाडी मऊ चालते. पण मग तिच्यावर पूर्वीचं ओझं घालायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. माझ्या भावानं तरी सिमेंटची पोती भरलीच.

वायरिंग

जुन्या गाड्यांत सहा व्होल्टची बॅटरी असू शकते. बारा करा. तेवढ्याच वॅटच्या दिव्याला सहा व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, म्हणून ते दिवे कंदिलासारखे. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवा. डायनॅमो मंद इंजिनावर जवळजवळ काही भरत नाही, पोवई नाक्यावर अडकलात की बॅटरी उतरते. जुन्या कापडी वायरला जोड देत बसू नका, सगळी हार्नेस (वायरांचा जुडगा) नवी, फ्यूज बॉक्ससकट. साठ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे दहा अँपिअर. ते डॅशबोर्डवरच्या नाजूक बटणातून न नेता रिलेवरून, म्हणजे बटणाच्या छोट्या करंटनं चालणाऱ्या वेगळ्या स्विचवरून न्या. मूळ बटण तसंच राहतं आणि उजेड दिसण्याइतका वाढतो.

अर्थिंग विसरू नका. रंग झाल्यावर माझे सगळे दिवे मिणमिणायला लागले. वायरमन दोन दिवस शोधत होता. केबिन चेसिसवर रबरावर बसते आणि बोल्टांखाली ताजा जाड रंग; करंटला परत जायला वाट कुठून असणार? बॅटरी ते चेसिस, चेसिस ते इंजिन, चेसिस ते केबिन अशा तीन जाड पट्ट्या घाला आणि बोल्टखालचा नवा कोरा रंग मन घट्ट करून खरवडा.

वायपर तपासा. त्या काळातले पुष्कळ वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालत. घाट चढताना अॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि वायपर काचेवर मध्येच झोपतो. म्हणजे जुलैतल्या यवतेश्वरला, जिथं तो सगळ्यात जास्त हवा, नेमका तिथं. बारा व्होल्टची मोटर लावली आणि अण्णा पावसात डोकं खिडकीबाहेर काढून का चालवायचे ते कळलं.

इंजिन

आमचं इंजिन जीपवाल्या विलीज कंपनीच्या वंशातलं हरिकेन, चार सिलिंडर, सुमारे २.२ लिटर. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. शिसंयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झालं आणि ते शिसंच जुन्या व्हॉल्व्ह सीटांना (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांना) झिजेपासून वाचवत होतं. ओव्हरहॉल करतच असाल तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. लेथ आणि बोअरिंगला सातारा-सांगली पट्ट्यात तोटा नाही. लक्ष्मणरावांची किर्लोस्करवाडी १९१० पासूनची, साताऱ्यात कूपरची इंजिनं. या भागातल्या म्हाताऱ्या कारागिराला बोटानं बोअर चाचपून माप सांगता येतं. तरी मायक्रोमीटर लावायला सांगाच.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्यानं फुगतो, चिरतो. इथेनॉल चालेल अशाच नळ्या घ्या. टाकी आतून साफ करून घ्या, नाहीतर सुटलेला गंज कार्बोरेटरमध्ये येऊन बसतो. ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की सकाळची कटकट संपते, आणि डिस्ट्रिब्युटर बाहेरून तोच दिसतो.

केबिन

आता आराम. पण क्रम असा: आधी भोकं बुजवा, मग थरथर, मग उष्णता, शेवटी एसी. एफसीत इंजिनावरचं झाकण दोन सीटांच्या मध्ये येतं, म्हणजे चूल मांडीपाशी. मी उलटं केलं, आधी एसी बसवला. तो बिचारा इंजिन गार करत राहिला. नंतर झाकणाला नवी रबरी गादी, आतून उष्णतारोधक चकचकीत थर, फायरवॉलमधल्या (इंजिन-केबिनमधल्या भिंतीतल्या) प्रत्येक वायरीच्या भोकाला ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं. पत्र्यावर डांबरी वासाच्या शीट चिकटवू नका, उन्हात वितळतात; ब्यूटिलच्या घ्या. सगळा पत्रा झाकायची गरज नसते. बोटानं टिचकी मारा, जिथं डब्यासारखा वाजतो तिथं मधोमध तुकडा लावा. वर बंद पेशींचा फोम, कारण साधा स्पंज पाणी पितो आणि खालचा पत्रा पुन्हा सडतो.

एसीचा पंखा, ब्लोअर आणि क्लच मिळून वीस अँपिअरच्या पुढं जातात, तेव्हा अल्टरनेटर त्या हिशोबानं घ्या. कंडेन्सर रेडिएटरपुढं येतो, म्हणून आधी रेडिएटर खोलून साफ.

सीट बेल्ट नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून लावू नका. खाली जाड प्लेट घाला, तीही चांगल्या पत्र्यावर. सीट मात्र जुनीच लांब ठेवा, आत नवा घट्ट फोम. मऊ फोम दुकानात छान वाटतो, पुसेगावपर्यंत जाईतो खाली फळी लागते.

रंग आणि पहिले किलोमीटर

रंगाचं काम फेब्रुवारी ते मे मध्येच उरका. पावसाळ्यात प्राइमरखाली ओल अडकते आणि दिवाळीपर्यंत फोड येतात. उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही, त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर. दारांच्या खालची पाणी जायची भोकं रंगानं बुजलेली असतात, ती काडीनं मोकळी करा.

पहिले शंभर किलोमीटर गावाजवळच आणि सपाटीला. दर थांब्यावर चारही हबना हात लावा. एक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे. पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट पाचशे किलोमीटरला पुन्हा आवळा, ते हमखास सैल होतात. विमा आणि पीयूसी गाडीतच ठेवा. जुनी गाडी बघून हवालदार थांबवतातच, निम्मे वेळा फोटो काढायला.

घाट सगळ्यात शेवटी. मी यवतेश्वरला दुसऱ्यांदा गेलो तो वर्षानं. बायकोला ‘चल’ म्हटलं तर ती म्हणाली, “आधी एकटे जाऊन या.” गेलो, आलो. दारात उभी राहून तिनं विचारलं, “त्या वळणावर?” म्हटलं, पेडल अर्ध्यावरच थांबलं. मग ती चपला घालायला आत गेली.